फियाटची किल्ली

घरात जपलेल्या वस्तू दोन तऱ्हेच्या असतात. काही पेटीत राहतात. अम्मीचा निकाहचा दुपट्टा तसा आहे. वर्षातून एकदा उन्हात येतो आणि डांबरगोळ्यांसकट परत आत जातो. काही वस्तू मात्र हातात राहूनच जपल्या जातात. दादीचा अडकित्ता तसा होता, रोज सुपारी कातरून त्याची धार टिकली. आमची फियाट यातली कोणत्या तऱ्हेची, यावर आमच्या घरात कितीतरी वर्षे बोलणे चालू आहे. घरातल्या कोणा अठरा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला गाडी शिकवायची वेळ आली की ते नव्याने सुरू होते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. लिहिणारा एक आहे, पण आठवणी दोघांच्या आहेत आणि गाडीवर हक्कही दोघांचा सारखाच, म्हणून 'आम्ही'. गाव नवेगाव बांध, तालुका अर्जुनी मोरगाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यातले. धानाची शेती, तळी, बोड्या आणि जंगल, असा हा झाडीपट्टीचा मुलूख.

फियाट असे आम्ही म्हणतो. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९७४ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर या गाड्या होत. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट होती, १९७४ पासून पद्मिनी झाली. पण लोकांच्या तोंडातून फियाट हे नाव काही गेले नाही. पद्मिनी हे नाव चित्तोडच्या राणीवरून ठेवले म्हणतात. आमच्या अम्मीला तो इतिहास ठाऊक नव्हता. शेजारच्या शाळामास्तरांनी तिला पद्मिनी म्हणजे कमळाचा वेल असे सांगितले, आणि ते तिला पटले. आमच्या इकडे कमळ प्रत्येक बोडीत असते.

त्या काळी नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि शहरातले लोक फियाट विकू लागले. अशीच नागपूरच्या एका डॉक्टरांची तेरा वर्षे वापरलेली फियाट १९८७ साली अब्बांनी घेतली. अब्बा जंगलातल्या लाकडाचा ट्रक चालवत. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवलेल्या माणसाने स्वतःची गाडी घेतली होती. नागपूरहून भंडारा, साकोली करीत ते ती घेऊन आले तेव्हा रात्र झाली होती. रस्त्यात चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, असे ते पुढे अभिमानाने सांगत.

अब्बांचे शिकवणे ड्रायव्हिंग स्कूलसारखे नव्हते. पहिले आठ दिवस त्यांनी आम्हांला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. बोनेट उघडायचे, तेलाची पट्टी पाहायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, प्लग काढून पुसायचे. मग चोक ओढून सेल्फ मारायचा आणि डोळे मिटून इंजिन ऐकायचे. "पहले सुनो, फिर चलाओ," हा त्यांचा पहिला आणि बराच काळ एकमेव धडा. चोक जास्त ओढला तर प्लग पेट्रोलने ओले होतात आणि गाडी रुसून बसते. कमी ओढला तर दोनदा खोकून बंद पडते. डिसेंबरातला चोक वेगळा, मे महिन्यातला वेगळा. चारांपैकी एक सिलिंडर काम करीनासा झाला की आवाज लंगडतो. त्याला ट्रकवाले गाडी मिसिंग मारते म्हणतात. हे सगळे कानाने ओळखायचे.

आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. त्या उन्हात पेट्रोल इंजिनाजवळच्या छोट्या पंपातच उकळते, त्याची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते. इलाज साधा. पंपावर ओले फडके टाकायचे आणि झाडाखाली वीस मिनिटे बसायचे. अब्बा तेवढ्यात जोहरची नमाज उरकून घेत. गाडीला वेळ द्यावा लागतो, तर तो वाया का घालवा, असे त्यांचे म्हणणे.

या गाडीचा गिअर जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला आहे. जमिनीवरच्या गिअरची आखणी जणू उचलून उभी केली आहे. खाली पाहून काही कळत नाही, सगळे मनगटाला कळावे लागते. समोरची बैठक बाकासारखी अखंड, त्यामुळे शिकणारा, शिकवणारा आणि मध्ये हट्टाने घुसलेले एखादे लहान पोर असे तिघे बसतात. घरातल्या प्रत्येक मुलाने आधी मध्ये बसून पाहिले आहे आणि मग उजवीकडे सरकले आहे.

शिकायची जागा म्हणजे राइस मिलचे अंगण. धान वाळवण्यासाठी केलेले सिमेंटचे मोठे अंगण, हंगाम संपला की मोकळे पडलेले. चार विटा उभ्या करायच्या आणि त्यांच्या मधून रिव्हर्स घ्यायचा. ते जमले की चढाव. बांधाकडे जाणाऱ्या चढावर अब्बा गाडी उभी करायला लावत, खाली उतरून स्वतःची चप्पल मागच्या चाकाच्या अगदी मागे ठेवत आणि बाजूला अनवाणी उभे राहत. हाफ क्लचवर गाडी अशी उचलायची की ती बोटभरही मागे येऊ नये. आमच्या शिकण्यात अब्बांच्या किती चपला गेल्या, हा घरातला जुना विनोद आहे. ते रागावत नसत. दुसऱ्या दिवशी दुसरी चप्पल ठेवत.

आमच्या दोघांच्या वर एक बहीण आहे, आपा. गाडी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गाडी धुणे, काचा पुसणे, सीटला कव्हर शिवणे ही कामे तिची. आम्ही बोनेटवर वाकलेले असताना ती अंगणातल्या खाटेवर तांदूळ निवडत बसे आणि तिथूनच सांगे, आज तिसरा प्लग बघा. बहुतेक वेळा तोच निघे. अब्बांचा कान आमच्यापेक्षा तिच्यात जास्त उतरला होता, हे अब्बांनाही ठाऊक होते. एकदा ती म्हणाली, "अब्बा, मुझे भी सिखाओ." अब्बा रागावले नाहीत, हसले आणि म्हणाले, "बेटा, चलाके तू जाएगी कहाँ?"

त्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हते. नको म्हटले असते तर रुसता आले असते, अम्मीला मध्ये घालता आले असते. पण कुठे जाशील, याला एकोणीस वर्षांची मुलगी काय उत्तर देणार? तिला कुठे जायचे असते तर अब्बा नाही तर आम्ही नेणारच होतो. १९९० साली तिचा निकाह झाला आणि ती कामठीला गेली. त्याच फियाटमधून गेली, मागच्या सीटवर बसून.

तेच १९९० साल. नोव्हेंबर महिन्यात तिकडे रियाधमध्ये सत्तेचाळीस बायका मोटारी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांना पकडले गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. हे आम्ही पुष्कळ नंतर वाचले. २०११ मध्ये मनाल अल शरीफ या बाईने गाडी चालवतानाचे स्वतःचे चित्रण जगासमोर ठेवले आणि तुरुंग पाहिला, हेही नंतर. तेव्हा सौदीचे नाव आमच्या गल्लीत वेगळ्या कारणाने निघे. घरातून बाहेर पडणाऱ्या मुलीविषयी कोणी काही बोलले की शेवटी, बघा, तिकडे बायकांना गाडी चालवू देत नाहीत, हे वाक्य येई. जणू तो दीनचा भाग आहे. पैगंबरांच्या घरातल्या हजरत आयेशा उंटावर स्वार होऊन फौजेसह निघाल्या होत्या, हा इतिहास आमच्या मदरशात शिकवला जात असे. पण उंट आणि मोटार यांची सांगड घालायचे कोणाला सुचत नसे.

अब्बा २००९ मध्ये गेले. त्यांच्या मागे गाडी आमच्याकडे आली आणि शिकवण्याचे कामही. घरात चार मुले, दोन मुलगे, दोन मुली. वयाने सगळ्यांत मोठी मुलगी आणि सगळ्यांत लहानही मुलगीच.

शिकवायला लागल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मुलगे चौदा-पंधराचे झाले की खुंटीवरच्या किल्लीकडे पाहू लागतात. मुली पाहत नाहीत. कोणी त्यांना मना केलेले नसते. पण ती किल्ली आपली असू शकते, हे त्यांच्या मनात आलेलेच नसते. त्यामुळे मुलग्यांना शिकवणे आणि मुलींना शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मुलग्याला तू अजून तयार नाहीस, हे पटवावे लागते. मुलीला तू तयार आहेस, हे पटवावे लागते.

मुलग्यांचा तगादा सोळाव्या वर्षी सुरू झाला. गावात त्या वयाची पोरे मोटारसायकली पळवतात, ट्रॅक्टर तर त्याहून लहान पोरांच्या हाती दिसतो. सगळ्यांची मुले चालवतात, मग आम्हीच का नाही, हा प्रश्न रोज जेवताना. १९८८चा मोटार वाहन कायदा अठरा वर्षे म्हणतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. हे कलम आम्ही छापून खुंटीच्या वर चिकटवले. कैदेच्या भीतीपेक्षा नोंदणी रद्द होण्याची भीती घरात जास्त चालली. दादाजानची गाडी आपल्यामुळे वर्षभर उभी राहील, हे कोणालाच नको होते.

पण बोनेट उघडायला वयाची अट नव्हती. त्यामुळे चौघांनीही अठराच्या आधी प्लग पुसले, पाणी घातले, आवाज ऐकले. रस्त्यावर जाण्याची घाई असलेल्या पोराला दोन वर्षे रेडिएटर भरायला लावणे यात आमचा थोडा कावा होता, हे खरे. पण गाडी म्हणजे नुसता वेग नव्हे, हे सांगायला आमच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

मोठी मुलगी २०१८ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिने बारावी दिली होती आणि पुढे नागपूरला शिकायला जायचे होते. तिचे लर्निंग लायसन काढले. रमजान संपून १६ जूनला ईद झाली. आपा ईदला माहेरी आली होती. ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिलच्या अंगणात गेली. समोर मुलगी आणि आमच्यातला एक, मागे आमच्यातला दुसरा आणि आपा.

गल्लीत बोलणे झाले होतेच. कोणी दारात येऊन भांडले नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. नात्यातल्या एका बुजुर्गांनी एवढेच विचारले, की शिकवायचे तर निकाहनंतर शौहर शिकवील, तुम्हांला घाई काय? आम्ही म्हटले, शौहरला फियाटचा गिअर येत नसेल. ते हसले आणि विषय तिथे थांबला. मात्र त्यांचा प्रश्न मूळचा अब्बांचाच होता, हे आम्हां दोघांनाही कळले. मुलगी जाईल ती कोणाबरोबर तरी, हे त्यात धरून चाललेले होते.

नेमके त्याच आठवड्यात, २४ जून २०१८ला, सौदी अरेबियात बायकांवरची बंदी उठली. आदल्या सप्टेंबरात तिथल्या बादशहाने तसा हुकूम काढला होता. आमचा एक मावसभाऊ रियाधला एका घरी ड्रायव्हर होता. बायकांना चालवता येत नाही म्हणून तिथे घरोघर परदेशी ड्रायव्हर ठेवत. त्याचा फोन आला. "इकडे मॅडम शिकायला लागल्या, आता माझी नोकरी जाते की काय," म्हणाला. तो थट्टेत बोलला, पण त्यात चिंताही होती. एका घरातल्या बाईच्या हाती किल्ली आली की दुसऱ्या देशातल्या एका घराची चूल त्याला बांधलेली असते, हेही आम्हांला तेव्हा कळले. गल्लीत मात्र सौदीचे उदाहरण त्यानंतर कोणी दिलेले ऐकले नाही.

मुलीला क्लच पहिले दोन दिवस जमला नाही. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडे. शेजारी बसणारा सूचना देई, मागे बसणारा त्याच्या उलट सूचना देई, आणि मुलगी आरशातून दोघांकडे आळीपाळीने पाहत राही. तिसऱ्या दिवशी आपा म्हणाली, "तुम्ही दोघे चूप बसा. बेटा, पायाकडे लक्ष नको देऊ. आवाज ऐक. आवाज जड झाला की पाय तिथेच ठेव." मुलीने ऐकले. इंजिनाचा आवाज जड झाला, पाय तिथेच राहिला आणि गाडी लोण्यासारखी उचलली. कधीही स्टिअरिंगवर न बसलेल्या बाईने हाफ क्लच शिकवला. खाटेवर बसून तीस वर्षांपूर्वी ऐकलेले सगळे तिच्याजवळ होते.

पुढच्या रविवारी मुलीनेच गाडी थांबवली, खाली उतरली आणि मागचे दार उघडून म्हणाली, "फुफी, आता तुम्ही." मिलच्या अंगणाला सार्वजनिक रस्त्याचा कायदा नाही, आणि आसपास कोणी नव्हते. आपा नाही नाही म्हणत समोर येऊन बसली. पदर आवळून घेतला. पहिल्या गिअरमध्ये अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. दुसरा गिअर टाका म्हटले तर टाकला नाही. गाडी थांबवून किल्ली फिरवली, थोडा वेळ तशीच बसली आणि म्हणाली, "अब्बांनी क्लच फार कडक ठेवलाय." अब्बांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. क्लच आम्ही दोनदा बदलला होता. आम्ही काही बोललो नाही.

अंगणातून रस्त्यावर आले की धडा बदलतो. आमच्या भोवतीचे रस्ते जंगलातून जातात. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले आणि २०१३ मध्ये नागझिऱ्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. ही दोन्ही जंगले जोडणारी वाट वाघ आपल्या पायांनी ठरवतात, आणि ती आमच्या रस्त्यांना ओलांडून जाते. २०२३च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, एका मोटारीच्या धडकेने तरणा वाघ जखमी झाला आणि मेला. फरफटत रस्त्याकडेला जाणाऱ्या त्या वाघाचे चित्रण घरोघरी मोबाइलवर पाहिले गेले. आमच्या दोन्ही मुलग्यांनी पाहिले. त्यातला धाकटा तेव्हा शिकून पक्का झाला होता आणि मित्राच्या नव्या गाडीत शंभराच्या वर काटा गेल्याचे कौतुकाने सांगत असे. त्या दिवसानंतर त्याने ते सांगणे सोडले. आमच्या उपदेशाने जे झाले नव्हते ते त्या वाघाने केले, असे म्हणावे लागेल. पण त्यासाठी वाघाला मरावे लागले.

वाघाचे सोडा, रस्ता माणसांचाही आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन रस्त्याकडेला वाकलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेतलेली माणसे असतात, त्यांना मागून येणारी गाडी दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास अर्ध्या रस्त्यावर धान वाळत असते. आम्ही मुलांना सांगतो, हॉर्न वाजवून धान हलत नाही आणि मोळीही हलत नाही, आपणच थांबावे. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचे पुस्तक आमच्या घरी आहे. २०२५च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा गावातल्या जुन्या लोकांनी त्यांची आणि गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांची आठवण काढली. ही माणसे जंगलात पायी हिंडत आणि आधी ऐकत. आमचे अब्बा पुस्तके वाचणारे नव्हते, पण आधी ऐकावे, ही त्यांचीही रीत होती.

फियाटचा एक गुण इथे उपयोगी पडतो. तिला पळवता येत नाही. साठच्या पुढे गेली की दारे, काचा, डिकी सगळी मिळून तक्रार करू लागतात. ब्रेकसाठी लांबूनच विचार करावा लागतो. तिच्यावर हात बसलेले मूल पुढे कोणत्याही गाडीत बसले तरी लांबचे पाहते. एक अडचण मात्र होते. मोठी मुलगी पहिल्यांदा मैत्रिणीच्या मारुतीत बसली तेव्हा सवयीने डावा हात स्टिअरिंगखाली गेला आणि रणरणत्या उन्हात वायपर सुरू झाले. लायसनच्या परीक्षेच्या वेळी साहेबांनी आत डोकावून आधी गिअर कुठे आहे असे विचारले होते, हेही ती हसत सांगते.

तिला लायसन मिळाले त्या हिवाळ्यात एका जुमेरातीला घरातल्या बायका प्रतापगडला गेल्या. इथून पंधराएक किलोमीटर असेल. तिथे ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा आहे आणि गडावर महादेव. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि दर्ग्यावरही तीच माणसे चादर चढवताना दिसतात. आमच्या घरातल्या बायका तिथे पूर्वीही जात, पण आमच्यापैकी कोणाला सुटी असेल तेव्हा. आम्ही बाहेर गाडीला टेकून उभे राहत असू आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत असू. त्या दिवशी गाडीत फक्त अम्मी, आमच्या दोघांच्या बायका, धाकटी मुलगी आणि चालवणारी. दुपारी येतो म्हणून गेल्या त्या मगरिबला परतल्या. जियारत झाल्यावर अम्मी म्हणाली, पुढे काय आहे? पुढे गोठणगाव. तिथली तिबेटी वसाहत अम्मीने नुसती ऐकली होती. तिथे गेल्या. मग इटियाडोहचे धरण पाहायला गेल्या आणि पाण्याकाठी बसून डबा खाल्ला. अम्मी या तालुक्यात पन्नास वर्षे राहिली होती आणि इटियाडोह तिने पाहिले नव्हते. कोणी नाही म्हटले नव्हते, तिने कधी विचारले नव्हते.

परतल्यावर आम्ही उशीर का झाला म्हणून विचारले. अम्मी म्हणाली, "उशीर कसला? आम्हीच तर आणली गाडी." चलाके तू जाएगी कहाँ, या अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांनी त्यांच्याच बेगमने दिले, असे आम्हांला वाटले. आपाला फोनवर सांगितले तेव्हा ती खूप हसली आणि मग म्हणाली, पुढच्या वेळी मलाही घ्यायला या.

२०२४ मध्ये गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि पेटीतली वस्तू की हातातली, हे बोलणे पुन्हा निघाले. त्याला कारण होते. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, त्याच्या बातम्या आल्या आणि फियाटचा भाव एकाएकी वाढला. नागपूरहून एक गृहस्थ पाहायला आले. आपल्या हॉटेलाच्या दारात काचेच्या खोलीत ठेवू म्हणाले. रक्कम चांगली होती. दुसरा मार्ग सरकारी. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणीचे वीस हजार रुपये. मान मोठा आहे. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला तेवढी न्यायची. प्रतापगडला न्यायची नाही आणि कोणाला शिकवायलाही नाही.

मोठा मुलगा व्हिंटेजच्या बाजूने होता, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सुटे भाग मिळत नाहीत; नागपूरच्या जुन्या बाजारात हिंडून एकेक बुश शोधावा लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटांना सोसत नाही. इथेनॉल उसापासून आणि मक्यापासून होते तसे तांदळापासूनही होते, म्हणजे आमच्याच पिकाने आमची गाडी आजारी पडायची. शिकणाऱ्याच्या हातात दिली की गिअरबॉक्स झिजणार, क्लच जळणार. दादाजानची आठवण म्हणून ठेवायची तर आता तिला कष्ट देऊ नयेत, असे तो म्हणाला.

धाकटी तेव्हा सतरा वर्षांची होती. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे माझा नंबर येण्याआधीच गाडी म्हातारी झाली का?"

आम्ही दोघे त्या संध्याकाळी बांधाच्या पाळीवर जाऊन बसलो. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. दोन-तीनशे वर्षे मातीची पाळ टिकली ती कोणी तिला कुलूप लावले म्हणून नव्हे. दरवर्षी पाणी सोडले, पाट साफ केले, खचलेल्या जागी माती टाकली, आणि ज्यांच्या शेतात पाणी जात होते त्यांनीच हे केले. वापर होता म्हणून राखण होती. आमच्या भागात ज्या बोड्यांचे पाणी कोणी घेईनासे झाले, त्या गाळाने भरून गेल्या आणि आता त्या शोधाव्या लागतात. गाडीचेही तसेच असावे, असे आमचे मत पडले. चालती राहिली तर ती झिजेल, आणि झिजेल म्हणून कोणी तरी तिच्याकडे पाहत राहील. काचेच्या खोलीत तिचा आवाज ऐकायला कोण जाणार?

आम्ही साधे नूतनीकरण केले. पाच वर्षांसाठी, पाच हजार रुपये भरून. २०२२च्या आधी हेच सहाशे रुपयांत होत असे. तपासणीसाठी दिवे, ब्रेक, धूर सगळे नीट करून घ्यावे लागले. त्यात मोठ्या मुलानेच सगळ्यात जास्त हात काळे केले. रबरी नळ्या त्याने इथेनॉलला टिकणाऱ्या मिळवून बसवल्या. आपले म्हणणे मान्य झाले नाही याचा त्याने राग धरला नाही, एवढेच बजावले की क्लच जाळणाऱ्याने क्लचचे पैसे भरायचे.

धाकटी २०२५ मध्ये शिकली. तिला शिकवायला आम्हां दोघांना फारसे बसावे लागले नाही. सुटीत आलेल्या मोठ्या बहिणीनेच ते काम अंगावर घेतले. चढावर चप्पल ठेवायची वेळ आली तेव्हा मोठीने आपली चप्पल काढून चाकामागे ठेवली आणि बाजूला अनवाणी उभी राहिली. तिने दादाजानला असे करताना पाहिले नव्हते. आमच्याकडून तिच्याकडे आलेली ती गोष्ट होती. पहिल्या दिवशी चप्पल गेली.

अब्बांच्या वेळी किल्ली त्यांच्या कुडत्याच्या खिशात असे. आमच्या वेळी ती उंच खुंटीवर होती. आता दाराजवळ खाली एक खिळा मारला आहे, तिथे अम्मीचाही हात पोचतो. खिळ्याला एक वही बांधली आहे. गाडी नेणाऱ्याने त्यात तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचे. कुठे जातो ते लिहायचा रकाना आम्ही आखला होता, पण मुलींनी तो कधी भरला नाही आणि पुढे मुलग्यांनीही सोडून दिला. आता नवी वही आणली तेव्हा आम्ही तो रकाना आखलाच नाही.